उलटे पांघरलेले उपरणे

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशीच गेली, आणि पेरलेले बी तापलेल्या मातीत पडून राहिले, की गावातील प्रत्येक घराचे डोळे आभाळाकडे लागतात. अशा दिवसांत आपल्या देवळांतून मिस्साबलिदानाच्या वेळी पावसासाठी खास विनवणी होते. वाड्यावाड्यांवरील क्रुसांपाशी सायंकाळी लितानी म्हटली जाते. त्याच दिवसांत गावाबाहेरील ईदगाहवर आपले मुसलमान शेजारीही जमतात. बेळगाव-विजापूरकडील व हैदराबादेकडील आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ते दृश्य दुरून पाहिले असेल. एरवी वर्षातून दोन ईदांनाच भरणारे ते पटांगण भलत्याच दिवशी सकाळी भरते. अंगावर नवे कपडे नसतात, अत्तराचा सुगंध नसतो, गळाभेटी नसतात. आणि प्रार्थना चालू असता इमाम लोकांकडे पाठ करून पश्चिमेस तोंड करतात व आपल्या खांद्यांवरील वस्त्र उलटे करून घेतात. उजवा पदर डावीकडे जातो, डावा उजवीकडे येतो.

पाहणाऱ्यास हे विचित्र वाटते, आणि क्वचित कोणी हसतोही. वस्त्र उलटे केल्याने ढग येतात काय, असे तो विचारतो.

2023 सालचा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत आपल्या देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या वर्षी कर्नाटक सरकारने 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर केले. अशी वर्षे पुन्हा येणार. तेव्हा शेजाऱ्याच्या या प्रार्थनेकडे आपण ख्रिस्ती माणसांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. कोणी म्हणतो, हा सारा देखावा आहे. कोणी म्हणतो, त्यांचे त्यांना ठाऊक. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत.

अरबी भाषेत या प्रार्थनेस ‘इस्तिस्का’ असे नाव आहे. ‘प्यावयास पाणी मागणे’ एवढाच त्या शब्दाचा साधा अर्थ. ज्या भूमीत हा शब्द रूढ झाला त्या अरबस्तानात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. विहिरी, खजुरांची बने, आणि पाऊस पडला तर उगवणारे गवत. त्या गवतावर उंट व मेंढ्या जगत, आणि त्यांच्या दुधावर माणसे जगत. एका वर्षी पावसाने पाठ फिरविली की ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटे. तेव्हा पाणी मागणे ही तेथे अलंकारिक भाषा नव्हती.

मुहम्मद पैगंबरांच्या काळातील एक प्रसंग मुसलमान समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तो सांगणारे अनस इब्न मालिक हे पैगंबरांच्या सेवेत वाढलेले गृहस्थ होत. मदिनेच्या मशिदीत शुक्रवारचे प्रवचन चालू होते. इतक्यात एक मनुष्य दारातून आत आला आणि प्रवचन मध्येच थांबवून म्हणाला की गुरे मेली, वाटा बंद पडल्या, आमच्यासाठी देवाजवळ पाणी मागा. त्याला कोणी गप्प बसविले नाही. पैगंबरांनी तेथेच हात वर केले व प्रार्थना केली. अनस सांगतात की त्या वेळी आकाशात ढगाचा लवलेशही नव्हता. मग सला नावाच्या टेकडीच्या मागून ढालीएवढा एक ढग वर आला, आकाशाच्या मध्यावर येऊन पसरला, आणि पाऊस सुरू झाला. पुढे आठवडाभर लोकांना सूर्य दिसला नाही.

या कथेचा उत्तरार्ध आम्हांस अधिक गोड वाटतो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा प्रवचन चालू असता त्याच दारातून एक मनुष्य आला. तो पहिलाच होता की दुसरा, हे अनस यांना पुढे खात्रीने आठवेना. त्याने गाऱ्हाणे घातले की मालमत्ता वाहून गेली, वाटा बंद पडल्या, हा पाऊस थांबावा अशी प्रार्थना करा. आठ दिवसांपूर्वी वाटा कोरडेपणाने बंद पडल्या होत्या, आता पाण्याने! पैगंबरांनी पाऊस बंद व्हावा असे मात्र मागितले नाही. आमच्यावर नको, आमच्या सभोवार पडू दे. डोंगरांवर, टेकड्यांवर, ओढ्यांच्या पात्रांत, झाडे उगवतात तेथे पडू दे, अशा आशयाची त्यांची प्रार्थना होती. ज्याने शेती केली आहे त्याला या मागण्यातील शहाणपण सांगावयास नको. ओल हवी, पूर नको, आणि आज नको असलेला पाऊसही कोठेतरी मुरावा.

आपल्याकडे जशी नक्षत्रे तसे अरबांकडेही पावसाचे तारे होते. अमुक तारा मावळला म्हणजे अमुक पाऊस, असे त्यांचे ठोकताळे असत, आणि हळूहळू पाऊस ताराच देतो असे मानण्याकडे मन झुके. 628 साली हुदैबिया येथे मुक्काम असताना रात्री पाऊस झाला. सकाळच्या नमाजीनंतर पैगंबरांनी सोबत्यांस समजावले की पाऊस देवाच्या कृपेने मिळाला असे म्हणणारा देवावर विश्वास ठेवतो, आणि अमुक ताऱ्याने दिला असे म्हणणारा ताऱ्यावर. ताऱ्यांवरून ऋतू ओळखू नये असा याचा अर्थ मुसलमान पंडितांनी केला नाही. पंचांग पाहावे, पण पंचांगाची पूजा करू नये, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. आपल्या धर्मग्रामांतीलही जे लोक रविवारी देवळात येतात आणि सोमवारी पाऊस कधी पडेल हे विचारण्यास भविष्यवाल्याकडे जातात, त्यांनी या गोष्टीवर थोडा विचार करावा.

आता त्या विधीकडे वळू. ही प्रार्थना शक्यतो मोकळ्या मैदानात होते. सूर्य थोडा वर आला की दोन रकातींची नमाज पढली जाते, खुत्बा म्हणजे प्रवचन होते, आणि मग हात उंच करून याचना केली जाते. एरवी दुआ मागताना मुसलमान मनुष्य तळवे वर करतो. या प्रार्थनेत पैगंबरांनी हातांची पाठ आकाशाकडे केली होती असे सांगतात, आणि ते हात इतके उंच केले होते की काखा दिसाव्यात. सर्व धर्मशास्त्री मात्र नमाजीविषयी एकमताचे नाहीत. आठव्या शतकातील थोर आचार्य अबू हनिफा यांचे मत असे की या प्रसंगी सामुदायिक नमाजीचा नेम नाही. मुख्य गोष्ट म्हणजे क्षमायाचना आणि विनवणी. त्यांच्याच दोन पट्टशिष्यांना, अबू युसुफ व मुहम्मद शैबानी यांना, हे मत मान्य झाले नाही व ते बहुतेक इतर आचार्यांप्रमाणे नमाजीच्या बाजूने गेले. गुरूशी मतभेद करूनही शिष्य शिष्यच राहतो, याचे हे एक चांगले उदाहरण आहे. पण तो विषय वेगळा.

आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते मैदानात जाण्यापूर्वीचे. शाफिई पंथाच्या धर्मग्रंथांत सांगितले आहे की इमामाने लोकांस आधी तीन दिवस उपवास करावयास सांगावे व चौथ्या दिवशी त्यांना बाहेर न्यावे. त्या दिवसांत दानधर्म करावा. ज्याचे काही बळकावले असेल त्याला ते परत द्यावे. ज्याच्याशी बोलणे टाकले असेल त्याच्याशी समेट करावा. मग स्वच्छ पण साधे, कामाचे कपडे घालून, सुगंध न लावता, मान खाली घालून निघावे. याचा अर्थ स्पष्ट आहे. बांध सरकवून शेजाऱ्याची वितीभर जमीन आपल्या शेतात ओढणारा मनुष्य त्याच शेतावर पाऊस मागावयास निघाला, तर शास्त्र त्याला वाटेत अडवून म्हणते, आधी बांध होता तेथे नेऊन ठेव. प्रभू येशूनेही वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला असेच अडविले आहे आणि आधी भावाशी समेट करावयास परत पाठविले आहे.

उपरण्याचा अर्थ येथे लागतो. पैगंबरांनी आपले वरचे वस्त्र उलटे पांघरले, म्हणून इमाम तसे करतात, आणि काही पंथांत मागे बसलेले लोकही करतात. आचार्यांनी याचा खुलासा शुभशकुन म्हणून केला आहे. जशी ही बाजू पालटली तशी आमची दशा पालटो, दुष्काळाचा सुकाळ होवो, असे ते कृतीने बोलणे आहे. तीन दिवसांच्या तयारीनंतर ही कृती आली म्हणजे तिच्यात आणखी एक अर्थ आपोआप येऊन बसतो. आकाश पालटावे असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःस पालटलेले दाखवावयाचे असते. राख कपाळी लावून घेणाऱ्या आपल्या समाजाला हा अर्थ परका वाटू नये. राखेने कोणी मरत नाही आणि उपरण्याने ढग येत नाहीत, हे लावून घेणाऱ्याला व पांघरणाऱ्याला हसणाऱ्याइतकेच ठाऊक असते.

मैदानात कोणास न्यावे, याविषयीही शास्त्रकारांनी लिहिले आहे, आणि ते वाचून आमच्या शेतकरी वाचकांचे मन द्रवल्याशिवाय राहणार नाही. म्हाताऱ्यांना न्यावे, लहान मुलांना न्यावे, दुबळ्यांना न्यावे. कित्येकांच्या मते गुरेढोरेही न्यावीत. काही ग्रंथांत तर असे आहे की तान्ह्या पोरांना आयांपासून आणि वासरांना गाईंपासून थोडे दूर ठेवावे, म्हणजे रडण्याचा व हंबरण्याचा आवाज उठेल आणि त्या आवाजावर देवाची दया येईल. आपल्या जुन्या करारात योएल संदेष्टा संकटाच्या वेळी अंगावर पिणाऱ्या बालकांनाही सभेस आणण्यास सांगतो, आणि योनाच्या ग्रंथात निनवे शहरातील गुरांनादेखील उपवास घडतो व गोणपाट नेसविले जाते. दोन्हीकडे एकच जाण आहे. दुष्काळात ज्यांचा काही अपराध नाही त्यांनाच आधी तहान लागते.

मुसलमान परंपरेत याच संदर्भात एका मुंगीची गोष्ट आहे. पूर्वीचा एक संदेष्टा, काही जण म्हणतात शलमोन राजा, लोकांना घेऊन पावसासाठी प्रार्थना करावयास निघाला. वाटेत त्याने पाहिले की एक मुंगी पाय आकाशाकडे करून पाणी मागत आहे. त्याबरोबर तो लोकांस म्हणाला, परत फिरा. या मुंगीमुळे तुमचे काम झाले आहे. आपल्या घरातील लहान मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

राजे लोकही या प्रार्थनेतून सुटत नसत. दहाव्या शतकात स्पेन देशातील कोर्दोबा येथे तिसरा अब्दुर्रहमान हा बलाढ्य खलीफा राज्य करीत होता. त्याचा मुख्य काझी मुंधिर इब्न सईद हा मोठा निःस्पृह मनुष्य. खलीफाने आपल्या नव्या प्रासादाचे छत सोन्याचांदीने मढविले तेव्हा भर प्रवचनात त्याला बोल लावण्यास तो कचरला नाही. एका वर्षी पाऊस ओढ लावून बसला. पावसाची प्रार्थना चालवावी असा खलीफाचा निरोप काझीकडे आला. काझीने निरोप्यास विचारले, खुद्द खलीफा काय करीत आहेत? निरोप्या म्हणाला, आज त्यांना जसे पाहिले तसे कधी पाहिले नव्हते. एकांतात बसून, जाडेभरडे वस्त्र नेसून, मातीत डोके टेकून ते रडत आहेत, आणि माझ्या पापांसाठी माझ्या प्रजेला शिक्षा करू नको, असे देवाला विनवीत आहेत. हे ऐकताच काझीचा चेहरा उजळला. त्याने आपल्या पोऱ्याला हाक मारली आणि सांगितले, निघताना पावसात घालावयाचा झगा बरोबर घे. पृथ्वीवरचा बलवान नमला म्हणजे स्वर्गातला बलवान दया करतो, असे तो बोलल्याचे इतिहासकार नमूद करतात.

त्याच कोर्दोब्यात ख्रिस्ती लोकही राहत होते व त्यांना त्यांचे महागुरू होते, हे येथे सांगितले पाहिजे. त्याच खलीफाच्या दरबारी सेवेत असलेल्या रेसेमुंदो नावाच्या ख्रिस्ती महागुरूच्या नावावर 961 सालचे एक पंचांग आहे. त्यात तारे, पाऊस, पेरणी-कापणीची कामे आणि ख्रिस्ती संतांचे सण ही सारी एकाच ठिकाणी, दिवसवार दिली आहेत. आभाळ वाटून घेता येत नाही, हे त्या काळच्या लोकांना आपल्याहून बरे समजत असावे.

राजाच्या नम्रतेची याहून जुनी व अधिक कठोर कथा दुसऱ्या खलीफाची, म्हणजे उमर यांची आहे. सुमारे 639 साली हिजाजमध्ये भयंकर अवर्षण पडले. जमीन राखेच्या रंगाची झाली, म्हणून त्या वर्षाला अरबी इतिहासात ‘राखेचे वर्ष’ म्हणतात. वाळवंटातील टोळ्याच्या टोळ्या मदिनेच्या आश्रयास आल्या. लोकांना पुरेसे मिळेपर्यंत मी तुपाला शिवणार नाही, अशी उमर यांनी शपथ घेतली आणि नुसत्या तेलावर दिवस काढले. त्याने त्यांचा वर्ण काळवंडला, असे जुने ग्रंथ सांगतात. शाम प्रांतातून, म्हणजे आजच्या सीरियाकडून, अबू उबैदा यांनी 4000 उंटांवरून धान्य आणले, अशी नोंद आहे. भुकेच्या त्या वर्षी चोरीची ठरलेली शिक्षाही उमर यांनी स्थगित ठेवली. हे सर्व झाल्यावर, किंवा हे सर्व चालू असताना, ते पावसाच्या प्रार्थनेस उभे राहिले. आधी धान्याची सोय की आधी प्रार्थना, असा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

त्या प्रार्थनेच्या वेळी उमर यांनी पैगंबरांचे चुलते, वयोवृद्ध अब्बास, यांना पुढे केले. पूर्वी आम्ही पैगंबरांकरवी पाणी मागत होतो, आता त्यांच्या चुलत्याकरवी मागतो, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. यावरून संतांच्या मध्यस्थीविषयी मुसलमान पंडितांमध्ये पुढे बराच वाद झाला, व तो अजून मिटलेला नाही. त्यात आपण शिरू नये. पण आपल्यापेक्षा देवाला जवळच्या असलेल्या माणसाला ‘आमच्यासाठी शब्द टाका’ असे विनविणे म्हणजे काय, हे रोज पवित्र मरियेकडे जाणाऱ्या घरांना समजावून देण्याची गरज नाही. दुसऱ्या एका प्रसंगी उमर यांनी प्रार्थनेत केवळ पापक्षमा मागितली आणि ते परतले. लोक गोंधळून म्हणाले, आपण पाऊस तर मागितलाच नाही! त्यावर अरबांच्या पाऊसताऱ्यांचाच शब्द वापरून उमर यांनी उत्तर दिले की आकाशाचे खरे पाऊसतारे मी हलविले आहेत. कुराणाच्या 71व्या अध्यायात नोहा आपल्या लोकांस सांगतो की देवाजवळ क्षमा मागा, म्हणजे तो तुमच्यावर भरपूर पाऊस पाठवील. उमर यांच्या मनात तेच होते.

पावसाच्या मैदानात इतर धर्मीयांनी यावे काय, हा प्रश्न मुसलमान धर्मशास्त्र्यांना जुन्या काळीच पडला होता, कारण त्यांच्या राज्यांत ख्रिस्ती व यहुदी प्रजा होती आणि दुष्काळ सर्वांवर सारखाच पडे. बहुतेकांनी असे ठरविले की ते आले तर त्यांना अडवू नये. तेही आपल्या निर्वाहासाठीच याचना करीत असतात. मात्र त्यांनी वेगळे उभे राहावे. हंबली पंथाच्या ग्रंथांत आणखी एक सूचना आहे. इतर धर्मीयांना प्रार्थनेसाठी स्वतंत्र दिवस देऊ नये, कारण नेमका त्याच दिवशी पाऊस पडला तर साध्या लोकांच्या श्रद्धेस धक्का बसेल! ती वाचून आम्हांस हसू आले. पण खरे पाहता, आपल्या मिरवणुकीच्या दिवशी नव्हे तर शेजाऱ्याच्या नमाजीच्या दिवशी पाऊस पडला, तर आपल्यापैकी कितीजणांच्या मनात ओल आल्याचा आनंद निर्भेळ असेल?

संकटात वेगळे उभे राहण्याच्या या रेषाही कधी पुसट होत. 1348 साली महामारीने जग ग्रासले असता प्रवासी इब्न बतूता दमास्कस शहरात होता. त्याने लिहून ठेवले आहे की तीन दिवसांच्या उपवासानंतर सारे शहर पायी बाहेर पडले. अमीर-उमराव अनवाणी होते. मुसलमानांच्या हाती कुराण होते, यहुद्यांच्या हाती तोरा, ख्रिस्ती लोकांच्या हाती शुभवर्तमान. बायका व मुलेही होती. सारे रडत होते आणि आपापल्या ग्रंथांच्या व संदेष्ट्यांच्या आधारे देवाची करुणा भाकीत होते. ती प्रार्थना पावसासाठी नव्हती, साथ हटावी म्हणून होती. पण तिचा साचा इस्तिस्काचाच होता.

हे सर्व इतिहासजमा झाले आहे असे कोणी समजू नये. मोरोक्को देशात आजही राजाच्या आज्ञेने ही प्रार्थना होते, कारण तेथील राजा हा श्रद्धावंतांचा नायकही मानला जातो. सतत अवर्षणे पडत असता जानेवारी 2024 मध्ये सहावे मुहम्मद यांच्या आदेशाने देशभर लोक त्यासाठी जमले. तेथील अल्पसंख्य यहुदी समाजही आपल्या सभास्थानांत पाऊस मागत आला आहे. दुष्काळ तरीही लवकर हटला नाही. कळप इतके रोडावले की फेब्रुवारी 2025 मध्ये राजाला प्रजेस विनंती करावी लागली की यंदाच्या ईदेस मेंढ्यांची कुर्बानी करू नका. उत्तर आफ्रिकेतील खेड्यांतून मुले लाकडी पळीला बाहुलीसारखे नटवून घरोघर हिंडतात व बायका तिच्यावर पाणी शिंपडतात, अशीही एक जुनी चाल आहे. आपल्याकडील कडुनिंबाचा पाला नेसलेल्या धोंडीची ती बहीणच म्हणावी. शास्त्री लोकांना ही चाल पसंत नाही, पण त्यांच्या नापसंतीने पळीबाहुली घरी बसलेली नाही.

मोरोक्कोतील फ्रेंच वृत्तपत्रे या नमाजीस जो शब्द वापरतात तो आपल्या वाचकांना लगेच ओळखू येईल. ते तिला ‘रोगातोआर’ प्रार्थना म्हणतात. लॅटिन भाषेतील ‘रोगारे’, म्हणजे मागणे, या धातूपासून तो शब्द आला, आणि त्याच धातूपासून ख्रिस्तसभेच्या ‘रोगेशन’ दिवसांचे नाव आले. सुमारे 470 साली फ्रान्समधील व्हिएन्न येथील महागुरू संत मामेर्तुस यांनी भूकंप व आगी यांनी गांजलेल्या आपल्या लोकांसाठी स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस उपवास व मिरवणुका सुरू केल्या. पुढे ती चाल सर्वत्र पसरली. धर्मगुरू व लोक लितानी म्हणत शेतांच्या कडेने फिरत आणि पिकासाठी आशीर्वाद मागत. येथेही तीन दिवस, येथेही उपवास, येथेही गावाबाहेर पडणे! 1969 साली ख्रिस्तसभेचे पंचांग सुधारले गेले तेव्हा हे दिवस कधी व कसे पाळावेत हे त्या त्या देशाच्या महागुरूंवर सोपविण्यात आले, आणि बहुतेक ठिकाणी ते विसरले गेले. आमच्या मते ही हानी झाली. खतांच्या दुकानाची वाट पाठ असलेल्या तरुण शेतकऱ्याला शेताच्या बांधावर उभे राहून लितानी म्हणणे ही कल्पनाच आज नवी वाटते.

मग प्रश्न उरतो तो पाऊस न पडण्याचा. मोरोक्कोत प्रार्थना झाली आणि वर्षभराने कळप तरीही रोडावलेले होते. आपल्याकडेही लितानी झाल्या आणि रोपे करपली, असे घडले आहे. प्रार्थना फुकट गेली काय? मुसलमान शास्त्रकारांचे यावरील उत्तर अगदी साधे आहे. पाऊस आला नाही तर पुन्हा बाहेर पडावे. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. रुसून बसू नये, आणि मी मागितले पण मिळाले नाही, असे बोलत फिरू नये. कर्मेल पर्वतावर एलिया संदेष्ट्याने गुडघ्यांत डोके घालून पाऊस मागितला तेव्हा त्याचा चाकर समुद्राकडे पाहून सहा वेळा ‘काही नाही’ म्हणत परत आला. सातव्या वेळी त्याला माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसला. मदिनेचा ढग ढालीएवढा होता, हा त्याहून लहान. संत याकोब आपल्या पत्रात याच एलियाची आठवण देतात आणि तो आपल्यासारखाच मनुष्य होता हे आवर्जून सांगतात. एलियाला मुसलमान ‘इलियास’ या नावाने ओळखतात व संदेष्टा मानतात.

सहा वेळा ‘काही नाही’ ऐकूनही एलिया गुडघ्यांवरून उठला नाही. प्रार्थना हा सौदा असता तर तो दुसऱ्याच फेरीला उठला असता. आणि जो मनुष्य प्रार्थनेआधी बांध परत सरकवितो, बंद पडलेले बोलणे सुरू करतो, दाण्यातला वाटा दुबळ्याला देतो, त्याच्या गावात पाऊस न येताही काहीतरी आलेले असते. उमर यांच्या मदिनेत धान्याचे उंट पावसाची वाट पाहत थांबले नव्हते.

आपण काय करावे, हे विचारणाऱ्यांस आमचे सांगणे असे. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणापत्रात स्पष्ट केले आहे की एकाच देवाची उपासना करणाऱ्या मुसलमानांकडे ख्रिस्तसभा आदराने पाहते. तेव्हा ईदगाहवरील नमाजीस हसणे हे ख्रिस्ती माणसास शोभत नाही. त्यांच्या रांगेत उभे राहून त्यांची नमाज पढणे हेही आपले काम नाही, आणि त्यांचीही तशी अपेक्षा नसते. 27 ऑक्टोबर 1986 रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी निरनिराळ्या धर्मांच्या प्रमुखांना असिसी येथे बोलाविले, तेव्हा जो नियम पाळला गेला तो खेड्यातही पाळता येतो. सर्वांनी एकत्र यावे, पण प्रत्येकाने आपापल्या रीतीने प्रार्थना करावी. ईदगाहवर नमाज असेल त्या सकाळी आपल्या देवळाची घंटा वाजवून एक लितानी म्हणता येते. परतणाऱ्या म्हाताऱ्यांना रस्त्यावरील आपल्या घरातून पाण्याचा तांब्या देता येतो. ज्या गावात विहिरीवरून दोन आळ्यांचे बोलणे बंद आहे त्या गावात त्याच आठवड्यात ते सुरू करता येते; त्यासाठी ढगाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि पाऊस आलाच तर? पहिली सर आली तेव्हा पैगंबरांनी अंगावरील वस्त्र थोडे बाजूला सारून ती अंगावर घेतली, अशी एक आठवण अनस यांनीच सांगितली आहे. असे का केले, असे लोकांनी विचारले तेव्हा ते म्हणाले की हा पाऊस नुकताच आपल्या प्रभूपासून आला आहे. आपली मुले पहिल्या पावसात अंगणात धावतात तेव्हा त्यांना ओरडू नये, एवढे तरी यावरून घ्यावे.

आपल्या मिस्सापुस्तकात पावसासाठी मागण्याची प्रार्थना आहे, आणि तिच्या लगेच पुढे उघडीप पडावी म्हणून मागण्याची प्रार्थना दिलेली आहे. दुसऱ्या शुक्रवारी दारातून आलेल्या त्या मनुष्याची ओळख रोममध्येही होती असे दिसते. पहिल्या प्रार्थनेची गरज यंदा लागली तर आपल्या फादरांना वेळेवर सांगावे. रोपे माना टाकेपर्यंत थांबू नये.